बायकांच्या रांगेतला बिरदेव

कवठेमहांकाळच्या स्टँडवर आईनं माझी वेणी घातली. सकाळी घाईत केस नुसते गुंडाळून निघालो होतो आणि सांगलीची गाडी लागायला अजून अवकाश होता. सिमेंटच्या बाकावर मला पुढ्यात बसवून तिनं करकचून वेणी घातली, टोकाला रबर गुंडाळलं आणि म्हणाली, "तितं कोन घालनार हाय तुजी येनी? आता तूच शीक." मी मान हलवली. ही शेवटची वेणी, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीबरोबर थोडी चालली, मग पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला रडू आलं नाही. नुसती छाती धडधडत होती, चोरी करून पळताना धडधडावी तशी.

माझं तेव्हाचं नाव इथं लिहीत नाही. वाडीतल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांना त्याची गरज नाही. मुलीचा जन्म आला, मुलगी म्हणूनच मला वाढवलं. पण कळतं झाल्यापासून मी मुलगा आहे हे मला माहीत होतं. आमच्या भागात एक सोय होती. तिथं बायकासुद्धा "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. त्यामुळं मी स्वतःविषयी जसं बोलायचो ते कुणाच्या कानाला खटकलं नाही. बाकीच्यांची ती बोलायची रीत होती. माझं ते खरं होतं.

आम्ही धनगर. घर सोडणं आमच्यात नवं नाही. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तरुणपणी दिवाळी झाली की सगळं घर मेंढरांमागं कृष्णाकाठाला निघायचं आणि पाऊस लागला की माघारी यायचं. आता मेंढरं थोडी उरली, द्राक्षबाग आली. तरी आण्णा सांगायचे, "जानारानं माघारीची वाट बघून ठेवूनच जावं." मी मात्र शिरवळला निघालो तो माघारीचा विचारच न करता. औषधाच्या बाटल्या पॅक करायच्या कारखान्यात काम मिळालंय, एवढंच घरी सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पुरं खरंही नव्हतं.

शिरवळला सगळेच बाहेरगावचे. कोण बीडचा, कोण बिहारचा, कोण जतचा. कुणी कुणाला "कुणाची गं तू?" असं विचारत नाही, हेच मला पहिल्यांदा आवडलं. पहिले काही महिने मुलींच्या खोलीत काढले. मग एका सुट्टीला साताऱ्याला जाऊन केस कापून आलो. न्हाव्यानं कापलेली वेणी हातात दिली आणि विचारलं, "ताई, इकायची हाय का?" मी नको म्हटलं आणि तिथंच ठेवून बाहेर पडलो. पुढं पुण्याच्या एका डॉक्टरांकडं उपचार सुरू केले. त्या इंजेक्शनांनी आवाज फुटला, मिशी आली, पाळी थांबली. सरकारी दाखला काढला, आधारवर नाव बदललं. नाव मीच ठेवलं, बिरदेव. बिरोबा आमचा देव, त्याच्याजवळ खोटं चालत नाही म्हणतात, म्हणून मुद्दाम ठेवलं. मग दुसऱ्या कारखान्यात बिरदेव म्हणून लागलो.

राहायला शमीमचाचीच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. चाचीच्या घरचं गाद्यांचं दुकान, त्यामुळं तिच्या केसांत कायम कापसाचे तंतू असायचे. ती मला बिरू म्हणायची. आपल्याला एवढंच हवं होतं, असं वाटायचं. पण भीती काही पाठ सोडत नव्हती. कारखान्यातल्या मुतारीची भीती, कपडे बदलताना भीती, कुणी मागून खांद्यावर हात टाकला तरी भीती. गावाकडच्या पोरी दुसऱ्या शिफ्टला कामाला लागल्या आहेत असं कळलं की मी आठवडाभर मान खाली घालून चालायचो.

सगळ्यात मोठी भीती आईच्या फोनची. आवाज फुटला तेव्हा मी तिला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी घसा बसलाय म्हटलं. मग कारखान्यातल्या पावडरीनं असं होतं म्हटलं. ती काढे सांगायची, हळद-दुधाचं विचारायची. एकदा म्हणाली, "लय दिस झालं, तुजी सर्दी जाईना. डाक्टरला दावलंस का?" मी दावलं म्हटलं. त्यानंतर मी फोन कमी केले. शिफ्ट बदललीय, रेंज नाही, अशी कारणं. तुमच्यापैकी जे असेच निघून गेलेत त्यांना ही कारणं तोंडपाठ असतील.

मग पोटात दुखायला लागलं. उजवीकडं, खाली. यायचं, जायचं. मेडिकलमधून गोळ्या आणून मी ते दाबत राहिलो. एक दिवस कारखान्यात बॉक्स उचलताना अशी कळ आली की जागच्या जागी बसलो आणि उलटी झाली. बरोबरच्या पोरांनी उचलून जवळच्या एका खाजगी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी वरून पोट दाबलं, म्हणाले, "मुतखडा वाटतोय. तरण्या पोरांना होतो, पाणी पीत नाहीत. सोनोग्राफी करून घ्या." पोरं दारात उभी होती.  माझ्या पोटात बाईचे अवयव आहेत, हे त्या पोरांपुढं कसं सांगणार? डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि औषध मुतखड्याचं चालू झालं.

सोनोग्राफीला गेलो होतो, पण आत गेलो नाही. बाहेर बाकावर पोटुशी बायका आणि त्यांचे नवरे. मी मधे बसलो तर एका गड्यानं मला हसून विचारलं, "तुमची मिसेस आत गेली का?"  आत त्या मशीनच्या पडद्यावर सगळं दिसणार, बघणारा दचकणार, बाहेर येऊन कुणाला तरी सांगणार, आणि शिरवळ काही फार मोठं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो आणि सरळ रस्त्याला लागलो.

दोन-तीन दिवसांनी शमीमचाचीनं दार वाजवलं. मी पोट धरून भिंतीला टेकून बसलो होतो. चाची दारातच उभी राहिली, मग आत आली, दार लावून घेतलं.

"बिरू, किती दिवस असा कण्हणार? खाली आवाज येतो मला."

"मुतखडा हाय चाची. जाईल."

"मी गच्चीवर रोज कपडे वाळत घालते, बेटा," ती म्हणाली. "तुझेही वाळत असतात तिथं. डोळे आहेत मला."

मला वाटलं, खोली गेली. आता ही म्हणेल, सामान उचल. मी तिच्याकडं बघितलंच नाही. ती शेजारी बसली आणि तिनं पोटावर कुठं दुखतंय ते हातानं दाखवायला लावलं. मग म्हणाली, "इथं माझ्या थोरल्या लेकीला दुखत होतं. गाठ निघाली. मुतखड्याची गोळी खाऊन गाठ जाते काय? चल, उठ. सरकारी दवाखान्यात बायकांच्या मॅडम आहेत."

बायकांच्या मॅडम. म्हणजे बायकांची रांग. पण दुखणं असं होतं की नाही म्हणायचीही ताकद नव्हती.

बायकांच्या रांगेत मी एकटा मिशीवाला. चाचीनं मला बाकावर बसवलं आणि स्वतः माझ्या पुढं बुरख्याची भिंत करून उभी राहिली. तरी एक बाई म्हणालीच, "आवं दादा, ही बायकांची लाईन हाय. तुमी भाईर थांबा की." दुसरी खुदकन हसली. चाची तिला म्हणाली, "आजारी माणूस आहे. लाइनीनं काय होतं?" माझी मान वर होईना. केसपेपर काढणाऱ्या माणसानं खिडकीतून ओरडून विचारलं, "पेशंट कोण, तुम्ही का हे?" सगळ्या रांगेनं माझ्याकडं बघितलं. आजही कुठल्या दवाखान्यात नाव पुकारलं की आधी तो आवाज कानात येतो, मग बाकीचं दुखणं.

आत मॅडम होत्या. माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. माझ्याकडं बघून त्याही क्षणभर थांबल्या. मग त्यांनी आत उभ्या असलेल्या शिकाऊ मुलींना बाहेर जायला सांगितलं, पडदा ओढला आणि विचारलं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

"बिरदेव."

"बिरदेव, पोटात काय काय आहे ते मला तुम्हीच सांगा. म्हणजे मी चुकणार नाही."

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. इंजेक्शनं कधीपासून, पाळी कधी थांबली, दुखणं कसं.  त्या मधे म्हणाल्या, "हे मला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. बोलण्यात काही चुकलं तर तिथंच सांगा." मग तपासायच्या आधी विचारलं, "हात लावू का?" एवढं विचारल्यावर मला जे रडू आलं ते स्टँडवर आलं नव्हतं. पडद्यापलीकडं चाची काहीतरी पुटपुटत होती, बहुधा दुवा मागत असावी.

मॅडमनीच सोनोग्राफी केली. अंडाशयावर गाठ होती आणि तिला पीळ बसत होता. थांबलं तर आत सडेल, त्याच दिवशी साताऱ्याला जाऊन ऑपरेशन करायला हवं, असं मॅडम म्हणाल्या. अँब्युलन्समध्ये चाची माझ्याबरोबर बसली. साताऱ्याला स्ट्रेचरवर मला कॉरिडॉरमध्ये ठेवलं आणि वाद सुरू झाला. पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या? पुरुषांच्या वॉर्डातली सिस्टर म्हणाली, हे ऑपरेशन आमच्याकडं नसतं. बायकांच्या वॉर्डातली म्हणाली, बाकीच्या बायका तक्रार करतील. मी मधे पडून छताकडं बघत होतो. कळ येत होती, जात होती, आणि दर वेळी वाटत होतं की आता मी वादातच मरणार. कुणीतरी शिरवळच्या मॅडमना फोन लावला. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण ड्रेसिंगच्या खोलीशेजारची एक छोटी खोली उघडली गेली.

"जवळचं कोण आहे?" सिस्टरनं सहीसाठी विचारलं तेव्हा चाचीनं माझ्याकडं बघितलं. "आईला फोन लाव, बेटा. माझी सही चालेलही, पण उद्या तिला कळलं तर ती मला काय म्हणेल?"

मी फोन लावला. आईनं उचलला. मी म्हटलं, "आये, मला सर्दी झालेली न्हवती. माजा आवाज असाच हाय आता." तिकडं मागं कोंबड्या ओरडत होत्या. मी म्हटलं, "साताऱ्याच्या दवाखान्यात हाय. ऑपरेशन हाय." ती म्हणाली, "कंच्या दवाखान्यात?" बाकी काहीच विचारलं नाही.

मी शुद्धीवर आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. एकटीच, घरी माझ्या भावाला मिरजेला मावशीकडं जाते म्हणून सांगून. दार उघडं होतं. मी तिला कॉरिडॉरमधून येताना बघितलं. ती माझ्या दाराशी थांबली, आत डोकावली, कॉटवरच्या मिशीवाल्या माणसाकडं बघून दचकली आणि पुढं गेली. पुढच्या वॉर्डात जाऊन माझं जुनं नाव घेऊन विचारू लागली. मला हाक मारायची होती, पण टाक्यांमुळं जोर लागेना. ती परत फिरली, परत दारावरून गेली. तिसऱ्यांदा मी कसंबसं "आये" म्हटलं.

ती दारात उभी राहून बघत राहिली. मग आली, कॉटच्या कडेला बसली, पिशवीतून डबा काढला, परत ठेवला. माझ्या हनुवटीवरून हात फिरवला. दाढी लागली तसा हात मागं घेतला, आणि मग परत ठेवला. "पानी देत्यात का तुला?" एवढंच बोलली.

त्या दिवसांत एक गोष्ट चालू होती. दर थोड्या वेळानं कुणी ना कुणी खोलीत यायचं. सलाईन बघायला, झाडायला, कधी नुसतंच दार चुकल्यासारखं करून. येणारा मला बघून जायचा. बाहेर हसण्याचा आवाज यायचा. आईच्या ते लक्षात आलं. एक कर्मचारी दुसऱ्याला घेऊन दाराशी आला तशी ती उठली. "काय बघाय आलाय? जत्रा हाय व्हय हितं? लेकरू आजारी हाय माजं. ते झोपलंय. जावा." ते गेले. ती दोन दिवस राहिली आणि दोन्ही दिवस मला "ते" म्हणत होती. तिला मुलगा म्हणवत नव्हतं आणि मुलगी म्हणायला डोळे तयार नव्हते, तेव्हा तिनं मराठीतलं तिसरं लिंग धरलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला जे जमलं ते तिनं केलं. जाताना म्हणाली, "आन्नास्नी सांगनार न्हाई मी. त्येंचं बीपी वाढंल. तू बी एवढ्यात येऊ नगंस." शमीमचाचीच्या हातात तिनं घरच्या मनुकांची पिशवी दिली आणि दोघी बराच वेळ काहीतरी बोलत उभ्या राहिल्या. काय ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही.

मी बरा झालो. शिरवळच्या दवाखान्यात मॅडमनी काही गोष्टी बदलल्या. खिडकीवर आता हळू आवाजात विचारतात, हाक कुठल्या नावानं मारायची. आजार काय ते रांगेत विचारत नाहीत. कुणी बाहेर कुजबुजलं तर सिस्टर दटावतात. फार मोठं काही नाही. पण माझ्यासारखे दोघे-तिघे तिथं येऊन गेले, हे मला मॅडमकडून कळलं. कोण ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग मॅडमची बदली सांगली जिल्ह्यात झाली. एक दिवस त्यांचा फोन आला. सांगलीत आशाताईंचं प्रशिक्षण आहे, सगळ्या तालुक्यांतल्या येणार आहेत. तुम्ही याल का? तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल. मी विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला करणार, नुसती धास्ती. माझी वहिनी सुरेखा, म्हणजे थोरल्या भावाची बायको, आमच्या वाडीची आशा आहे. घरोघरी जाऊन लहान पोरांची, पोटुशी बायकांची, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची चौकशी करणारी. ती मला "वन्सं" म्हणायची. मी तिच्या लग्नात तिचा हात धरून मांडवातून चाललो होतो.

तरी गेलो.  सभागृहात बायकाच बायका, सगळ्या एका रंगाच्या साड्यांत. मी वहिनीला शोधायचं नाही असं ठरवलं आणि पहिल्या नजरेतच ती दिसली. खिडकीजवळ. तिनं मला बघितलं. ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. ती हातातल्या पेनाकडं बघू लागली.

मी बोललो. मुतखड्याचं सांगितलं, सोनोग्राफीतून पळून आलो ते सांगितलं, कॉरिडॉरमधला वाद सांगितला. गावाचं नाव सांगितलं नाही.  संपल्यावर एक वयस्कर आशाताई उभी राहिली. "भाऊ, तुमी सांगताय ते खरं असंल. पर आमच्या खेड्यात असलं कोन न्हाई. हे शहरातलं हाय." बऱ्याच जणींनी माना हलवल्या.

खिडकीजवळून आवाज आला. "न्हाई कशावरनं? इचारलंय का कवा कुनी?" वहिनी उभी होती. माझ्याकडं न बघता त्या बाईकडं बघून बोलत होती. "मी गावातल्या समद्यास्नी दुखनी इचारत हिंडतो. माज्या घरातलं मानूस काय दुखनं घिऊन गेलं ते मी इचारलं न्हाई. मला ठावं हाय, न्हाई म्हनाय सोपं असतंय." आणि खाली बसली. तिचे कान लाल झाले होते. कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. मला कळलं.

जेवणाच्या सुट्टीत मी ताट घेऊन कोपऱ्यात गेलो, ती दिसायला नको म्हणून. तीच आली. हातात ताट नव्हतं. मान खाली होती. "जेवलाय का तुमी... व..." तिची जीभ तिथं अडखळली.  तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, दिराशी बोलताना करतात तसा, आणि म्हणाली, "जेवून घ्या, भावजी. लांबचा परवास हाय."

बाकी ती फार बोलली नाही. आईनं तिला काही सांगितलं नव्हतं. बोलायच्या ढबीवरून आणि डाव्या भुवईवरच्या खुणेवरून ओळखलं म्हणाली. भावाला ती हळूहळू सांगणार आहे. "पर आन्नांचं मला सांगता येत न्हाई. कवा काय म्हनतील, नेम न्हाई," म्हणाली. मी हो म्हटलं. 

आता मॅडमनी पुन्हा विचारलंय. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोलायला या म्हणतात. त्याच केंद्रात आण्णा बीपीच्या गोळ्या घ्यायला येतात. दाराजवळच्या बाकावर काठी टेकून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठल्या गावचा म्हणून विचारतात. वहिनीला फोन केला तर म्हणाली, त्या दिवशी त्यांच्या गोळ्या मी घरीच नेऊन देते, तुम्ही निवांत या. मी तिला नको म्हटलं, ते येतात तसे येऊ देत.

घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर चाचीच्या खोलीचं नाव घ्यायला हवं, तिथंच तर मी निर्धास्त झोपतो. पण खरं सांगू? ज्यानं आपल्याला एकदा बघावं म्हणून जीव तुटतो, आणि बघितलं तर काय होईल म्हणून जीव थाऱ्यावर राहत नाही, असा माणूस ज्या बाकावर बसलेला असतो, ते माझं घर. मला भीती वाटते. तरी मी मॅडमना येतो म्हणून कळवलंय.